आणि बाकी काय करता?

लग्नघरी पंगती उठून गेल्यावर विड्यांची तबके फिरू लागतात, त्या निवांत वेळी आमच्याकडची वडीलधारी मंडळी आप्तस्वकीयांची चौकशी हाती घेतात. अशाच एका दुपारी, प्रतापनगरातल्या एका मंगल कार्यालयात, आमच्या सौभाग्यवतींचे मामा शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. "जावईबापू, सध्या काय सुरू आहे?" आम्ही म्हणालो, "बुद्धिबळ शिकवतो." मामांनी समजूतदारपणे मान डोलावली, सुपारीचे खांड दाढेखाली सरकवले आणि विचारले, "ते तर आहेच. पण बाकी काय करून राहिले?"

ह्या 'बाकी'ने गेली अठरा-एकोणीस वर्षे आमचा पिच्छा पुरवला आहे. बँकेतल्या अर्जावर 'व्यवसाय' ह्या रकान्यापुढे नोकरी, शेती, व्यापार असे सारे पर्याय असतात. आमची फुली पडते ती 'इतर' ह्या चौकोनात. मुलीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी समोरच्या बाईंनी 'बुद्धिबळ प्रशिक्षक' हे शब्द लिहून घेतले, क्षणभर विचार केला आणि पुढे कंसात 'छंद' असे लिहिले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. एखाद्या माणसाचे पोट अशा गोष्टीवर चालू शकते, ही कल्पनाच त्यांना शिवली नसावी.

येथे वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण साहित्याचे विद्यार्थी अथवा अध्यापक आहेत. त्यांना सांगावयास हवे की आम्हीही मूळचे त्याच पंथाचे. मराठी घेऊन एम.ए. झालो आणि नऊ वर्षे तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवले. सकाळी साडेसातला भाषाविज्ञान, दहाला 'लीळाचरित्र', आणि सायंकाळी लक्ष्मीनगरातल्या एका भाड्याच्या खोलीत आठ पट मांडून मुलांना बुद्धिबळ. तासिकेचे मानधन शिकवलेल्या तासांचेच मिळे. दिवाळी, उन्हाळा, परीक्षा ह्या काळात आम्ही अध्यापक नसून केवळ आशावादी नागरिक असू. उलट खोलीतले आठ पट दरमहा नियमाने पैसे देत. तरीही सकाळी फाटकावरचा चौकीदार आम्हांस पाहून उठून उभा राही, आणि त्याच दिवशी सायंकाळी स्कूटरवरून न उतरताच एखादे पालक हाक मारीत, "ओ क्लासवाले, किती वाजता सोडता?" माणूस तोच, अंगातला सदरा तोच, हाताला लागलेला खडूही तोच. मान आम्हांला नव्हता, फाटकाला होता, हे आम्हांस तेव्हा कळले. २००७ साली आम्ही ते फाटक सोडले. ह्या निर्णयात धाडस होते असे म्हणण्याचा मोह होतो. खरे कारण एवढेच की घरभाडे सायंकाळच्या मिळकतीतून जात होते.

बुद्धिबळाच्या ह्या अप्रतिष्ठेला वाङ्मयीन परंपराही आहे. प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाड़ी' ह्या १९२४ सालच्या कथेत मिर्झा आणि मीर हे दोन रईस लखनौचे राज्य बुडत असताना डावात बुडालेले असतात. सत्यजित राय यांनी १९७७ साली त्यावर चित्रपट काढला, आणि बुद्धिबळ म्हणजे रिकामपणाचे, जबाबदारी टाळण्याचे चिन्ह ही खूणगाठ आपल्या सुशिक्षित मनात पक्की झाली. नाबोकोव्हच्या 'द डिफेन्स' ह्या कादंबरीचा नायक लुझिन खेळापायी वेडाच्या कडेला जातो. त्याला मोहऱ्यांच्या चाली प्रथम दाखवते ती त्याची मावशी, कथेच्या आरंभी, जवळजवळ सहज. पुढे त्याचा ताबा घेणारा व्हॅलेंटिनोव्ह हा शिक्षक नव्हे. तो ह्या बालप्रतिभेचा व्यापारी आहे, आणि मुलगा मोठा होऊन नवलाई ओसरली की त्याला सोडून देतो. आम्ही ही कादंबरी दोनदा वाचली, आणि दोन्ही वेळा आमचे मन नायकापेक्षा त्या मावशीभोवतीच घोटाळत राहिले. साहित्यात बुद्धिबळाचा खेळाडू आहे. त्याला पहिली चाल दाखवणारा मात्र दोन-चार पानांत येतो आणि निघून जातो.

जीवनातही फारसे निराळे घडत नाही. लेनिनग्राडच्या पायोनियर प्रासादात व्लादिमिर झाक नावाचे शिक्षक होते. बोरिस स्पास्की आणि व्हिक्टर कोर्चनॉय हे दोघेही मुलगे त्यांच्या हाताखाली शिकले. स्पास्की पुढे अलेक्झांडर तोलुश यांच्याकडे गेला आणि १९६९ साली जगज्जेता झाला. ज्या नावाभोवती दिवे लागले त्यात झाक यांचे नाव नव्हते. मॉस्कोच्या मार्क द्वोरेत्स्की यांची गोष्ट त्याहून विलक्षण. १९७३ साली मॉस्कोचे विजेतेपद मिळवणारा हा माणूस, वय हाताशी असताना, स्वतःचा खेळ मागे सारून शिकवण्याकडे वळला. त्यांचे तीन शिष्य, चेखोव्ह, युसुपोव्ह आणि दोल्मातोव्ह, १९७५, १९७७ आणि १९७८ साली कुमारांचे जगज्जेते झाले. द्वोरेत्स्की स्वतः अखेरपर्यंत ग्रँडमास्टर झाले नाहीत. आपल्याकडे सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले आणि आयुष्य त्याला वाहिले. सांगलीने महाराष्ट्राला भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू दिल्या, हे बुद्धिबळप्रेमींना ठाऊक असते. ते गाव असे अकस्मात बुद्धिबळाचे झाले नाही, हे मात्र सांगावे लागते.

सरकारदरबारी प्रशिक्षकांसाठी १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार आहे. बुद्धिबळात तो १९८६ साली महाराष्ट्राच्या रघुनंदन गोखले यांना, २००६ साली कोनेरू अशोक यांना आणि २०२३ साठी आर. बी. रमेश यांना मिळाला. एवढ्या वर्षांतली ही मोजकी नावे. पुरस्काराच्या नावाबद्दल मात्र आमच्या मनात नेहमी किंतु येतो. द्रोणाचार्यांची जी कथा आम्ही लहानपणी ऐकली तीत गुरू एका शिष्याला सर्वश्रेष्ठ ठेवण्यासाठी दुसऱ्याचा अंगठा मागतो. शिक्षकाने शिष्याकडून काय घेऊ नये, हे सांगणारी ती कथा आहे. ह्या विषयाकडे थोड्या वेळाने यावे लागेल, कारण त्यात आमचाही हात गुंतलेला आहे.

तत्पूर्वी २०२५ सालच्या जुलै महिन्याबद्दल. जॉर्जियातील बटुमी ह्या काळ्या समुद्राकाठच्या शहरात महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत दोन भारतीयांत झाली: कोनेरू हंपी आणि आमच्या नागपूरची दिव्या देशमुख. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डाव ठरले. पहिला बरोबरीत गेला आणि दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. आमच्या खोलीत त्या दुपारी एका लहानशा पडद्यापुढे मुले दाटीवाटीने बसली होती. एकोणीस वर्षांची मुलगी विश्वचषक जिंकते, त्यासरशी ग्रँडमास्टर होते, भारताची ८८वी, आणि आईच्या गळ्यात पडून रडते, हे सारे त्या मुलांनी पाहिले. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे नागपूरचे ग्रँडमास्टर अनुक्रमे २०१९ आणि २०२१ सालीच झाले होते, पण शहर असे रस्त्यावर आले ते ह्या वेळी.

मायदेशी परतल्यावर दिव्याने आईवडिलांबरोबर आणखी एक नाव घेतले: राहुल जोशी, तिचे पहिले प्रशिक्षक. ही मुलगी ग्रँडमास्टर व्हावी अशी त्यांची फार इच्छा होती, असे ती म्हणाली. हे ऐकावयास ते नव्हते. काही वर्षांपूर्वीच, ऐन उमेदीच्या वयात, त्यांचे निधन झाले होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून ते नाव देशभर गेले. आमच्यासारख्या, एकेका खोलीत पट मांडून बसणाऱ्या माणसांनी ती बातमी कशी वाचली असेल ते सांगणे कठीण आहे. शिष्याने नाव घेतले ह्याचा आनंद खराच. पण ह्या व्यवसायात मान मिळतो तो नेहमी दुसऱ्याच्या विजयाच्या वाटेने, आणि तो पोहोचेपर्यंत माणूस घरी असेलच असे नाही, ही जाणीवही तेवढीच खरी.

त्या ऑगस्टात आमचा दूरध्वनी थांबेना. वर्गात नव्याने तीन तुकड्या झाल्या. एका गृहस्थांनी पाच वर्षांच्या कन्येस पुढे करून विचारले, "सर, किती वर्षांत होईल?" काय होईल, हे विचारण्याची आवश्यकता नव्हती. आणि सौभाग्यवतींच्या मामांनी आम्हांस आपणहून फोन केला. "जावईबापू, तुमची लाइन चांगली आहे म्हणतात!" आम्ही त्या वर्षी पूर्वीपेक्षा कणभरही बरे शिकवत नव्हतो. प्रतिष्ठा आली ती बटुमीहून आली होती.

प्रतिष्ठेची भूक मोठी विचित्र असते, आणि तिला आकडा सापडला की ती आवरत नाही. बुद्धिबळात हा आकडा म्हणजे मानांकन. १ मार्च २०२४ पासून फिडेने मानांकनाची किमान पातळी १००० वरून १४०० वर नेली आणि २०००च्या खालच्या खेळाडूंना एका सूत्राने वाढीव गुण दिले. त्या हिशेबाने आमचा एक विद्यार्थी ११०० वर निजला तो १४६० वर जागा झाला. त्याचे वडील पेढे घेऊन आले. आम्ही नियम समजावून सांगितला, त्यांनी तो लक्षपूर्वक ऐकला आणि म्हणाले, "पण सर, वाढलं तर आहे नं?" आम्ही पेढा खाल्ला. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, कारण तीच भूक आमच्या हातून याहून फार वाईट काहीतरी करवून गेली होती.

ती हकीकत अशी. २०११ साली सात वर्षांची एक मुलगी वर्गात आली. तिचे नाव येथे देत नाही. दहाव्या वर्षी ती आमच्या सर्व विद्यार्थ्यांना हरवू लागली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्हांलाही. जिल्ह्यातल्या स्पर्धांचे चषक येऊ लागले. वर्तमानपत्रात तिच्या छायाचित्राखाली बारीक अक्षरांत 'प्रशिक्षक' म्हणून आमचे नाव येई, आणि मान्य करावयास हवे की आम्ही आधी बारीक अक्षरेच वाचत असू. खोलीबाहेरच्या फलकावर आम्ही तिचा उल्लेख रंगवून घेतला. त्या वर्षी वर्गाची पटसंख्या दुप्पट झाली.

मग एके दिवशी तिने एका स्थितीवर विचारले, "सर, इथे घोडा का नको? उंटच का?" आम्ही म्हणालो, "इथे उंटच येतो." ती काही बोलली नाही. घरी येऊन आम्ही तीच स्थिती रात्री उशिरापर्यंत तपासली. घोडाच बरोबर होता. चूक होणे ह्यात नवल नाही. नवल हे की आम्ही उत्तर मोजून दिले नव्हते, खुर्चीवरून दिले होते. ज्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला खुर्चीवरून द्यावे लागते, तेथे त्याची हद्द संपलेली असते. त्या रात्री ते आम्हांस स्वच्छ कळले. तिला आता आमच्याहून मोठ्या प्रशिक्षकाकडे पाठवणे एवढेच आमचे काम उरले होते.

आम्ही ते एक वर्षानंतर केले.

ह्या एका वर्षाचे समर्थन करण्यासाठी आम्ही स्वतःशी पुष्कळ कारणे जुळवली. मुलगी लहान आहे. बाहेरचे प्रशिक्षण महाग आहे. पाया अजून पक्का व्हावयास हवा. प्रत्येक कारणात काही तथ्यही होते. परंतु ती गेली तर फलकावर काय लिहायचे, हा प्रश्न सगळ्यांच्या मुळाशी होता. त्या वर्षी ती एका मोठ्या स्पर्धेत आम्ही सुचवलेल्या मांडणीने खेळली आणि दोन महत्त्वाचे डाव हरली. तिचे बाबा म्हणाले, "होते कधी कधी, सर." आम्हीही म्हणालो, "होते." अखेर २०१६ साली आम्ही त्यांना बसवून सांगितले. ती दुसऱ्या शहरातल्या एका नामवंत प्रशिक्षकांकडे शिकू लागली, चांगले खेळली, मग दहावी-बारावीच्या रगाड्यात खेळ मागे पडला. ती ग्रँडमास्टर झाली नाही. ते एक वर्ष मिळते तर झाली असती, असे म्हणावयास कोणताही आधार नाही. पण आधार नाही म्हणून ते वर्ष आमच्या खात्यावरून उतरत नाही.

गेल्या गुरुपौर्णिमेला ती भेटावयास आली होती. आता अभियंता आहे. चहा घेताना, जुन्या फलकाचा विषय निघाला तेव्हा, ती हसत म्हणाली, "सर, तो घोडा तुम्हाला त्याच दिवशी दिसला होता नं?" आम्ही सांगितले, "त्याच रात्री." तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. असती तर आम्हांस बरे वाटले असते. आम्ही क्षमा मागितली, आणि तिने ती अवघडून स्वीकारली, जशी मुले मोठ्यांची क्षमा स्वीकारतात.

मग ह्या कामात समाधान कशाचे? विजयाचे म्हणावे, तर तो आपला नसतो. प्रशिक्षकाच्या भाषेत हे स्पष्ट दिसते. पटासमोर बसलो की आम्ही सतत 'आपण' म्हणतो: आपण हत्ती ह्या पट्टीवर आणला तर? आपण किल्लेकोट कधी करायचा? (मुले हत्तीला 'रूक' म्हणतात आणि किल्लेकोटाला 'कॅसलिंग', आम्ही जुने शब्द चिकाटीने वापरतो, ती आमच्यातल्या मराठीच्या मास्तरची शेवटची तटबंदी आहे.) परंतु घड्याळ सुरू झाले की 'आपण' संपते. स्पर्धेच्या दालनात पालक आणि प्रशिक्षक दाराबाहेर. आत मुलगा एकटा. जिंकून आला तर "मी जिंकलो", हरून आला तर "सर, तुम्ही सांगितलं तसंच खेळलो होतो". आम्ही ह्याला कृतघ्नपणा समजत नाही. डाव खरोखरच त्याचा असतो.

समाधानाचे एकच उदाहरण देतो. त्याहून मोठे आमच्यापाशी नाही. मागच्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेर पंचेचाळीस अंश, कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास. वर्गातला एक मुलगा, तीन वर्षे येणारा, एकही चषक न मिळवलेला, आपला हरलेला डाव दाखवत होता. भिंतीवरच्या चुंबकी पटावर आम्ही स्थिती लावली: त्याचा राजा कोपऱ्यात, पुढचे प्यादे अडलेले, राजाची शेजारची घरे शत्रूच्या नजरेखाली, हाताशी एक हत्ती. समोर वजीर आणि हत्ती. आम्ही म्हणालो, "इथे आपण डाव सोडायचा. इथे काही नाही." आणि मोहरी काढू लागलो.

"सर, थांबा नं. आहे."

तो उठून पटापाशी आला. त्याने आपला हत्ती उचलून शत्रूच्या राजाला अगदी चिकटून ठेवला. शह. हत्ती मारला तर मुलाला खेळायला एकही चाल उरत नाही. राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही, म्हणजे नियमाने डाव बरोबरीत. न मारावा आणि राजा सरकवावा, तर हत्ती पुन्हा त्याच्या मागे, पुन्हा चिकटून, पुन्हा शह. आम्ही राजा पळवला. त्याने हत्ती मागे लावला. सहा-सात चालींनंतर आम्ही थांबलो. वर्गात कूलरखेरीज आवाज नव्हता. "खेळताना दिसलं नव्हतं," तो म्हणाला, "आत्ता दिसलं."

आम्हांलाही दिसले नव्हते. पण ह्या वेळी ती रात्रीपर्यंत लपवून ठेवावी अशी गोष्ट वाटली नाही. "आम्हांलाही दिसलं नव्हतं," असे आम्ही सर्व मुलांसमोर म्हणालो. पूर्वी त्या मुलीला जे वाक्य सांगायला एक वर्ष आणि पुढे आणखी नऊ-दहा वर्षे लागली, ते ह्या मुलासमोर एका दमात निघाले. त्याच्या मानांकनात ह्याने एका गुणाची भर पडली नाही. आमच्या फलकावर लिहिण्याजोगेही ह्यात काही नव्हते. तो मात्र त्या दिवशी आपल्या जागेवर जाऊन बसला तो ताठ बसला.

प्रतिष्ठेची आम्हांस पर्वा नाही, असे म्हणून हा लेख संपवता आला असता. ते खरे ठरले नसते. मामांचा फोन आला तेव्हा आम्हांस आनंद झाला होता, आणि उद्या कोणी बारीक अक्षरांत नाव छापले तर आम्ही ते वाचू. फक्त त्या फलकाकडे आता आम्ही थोड्या भीतीने पाहतो, आणि वर्षातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्याची वही उघडून स्वतःस विचारतो की हा अजून आमच्या हद्दीत आहे काय.

परवा मामांच्या नातीचे लग्न होते. पंगत उठली, विडे आले, आणि आमच्या शेजारी एक अपरिचित गृहस्थ येऊन बसले. वरपक्षाकडचे असावेत. चौकशी झाली. "बुद्धिबळ शिकवतो," आम्ही म्हणालो.

"वा! आणि बाकी?"

"बाकी काही नाही."

"अस्सं," ते म्हणाले, आणि थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "आमचा नातू आहे सहा वर्षांचा. फार चंचल आहे हो. त्याला बसवाल काय?"

आम्ही त्यांना खोलीचा पत्ता सांगितला.